सटवाईचं शुद्धलेखन

“हे रोज कोण करणार?” शेख सिस्टरनी विचारलं, आणि आमच्या घरातल्या दोन्ही बायका एकदम खाटेखालच्या चपलांकडे बघायला लागल्या.

दवाखान्यातल्या त्या खाटेवर वहिनी होती आणि तिच्या कुशीत दोन दिवसांची मुलगी. मुलीचा डावा डोळा बंद होता. झोपेनं नव्हे, चिकटून. पापण्यांच्या कडेला पिवळट चिपडं वाळून बसलेली, जणू कुणी खळ लावून पाकीट बंद केलंय. उजवा डोळा अर्धा उघडायचा, आणि त्या अर्ध्यानंच ती आमच्याकडे संशयानं बघायची.

वहिनीला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते माहेरी न होता आमच्याकडे झालं. रणजितदादा आणि बाबा दोघंही तिकडं सेलमला, गलाईच्या दुकानात सोनं गाळायच्या भट्टीपुढे. विट्याकडच्या आमच्या गावातले निम्मे पुरुष असेच कुठल्या ना कुठल्या भट्टीपुढे असतात. दादा सकाळपासून फोन करून एकच विचारत होता, “डोळे कुणासारखे आहेत?” आणि कुणालाच सांगता येत नव्हतं.

“माझे हात सदा शेणात,” आई म्हणाली. “भेगा पडलेत नुसत्या.”

शेवंताआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाळंतपणासाठी मुद्दाम येऊन राहिलेली. ती म्हणाली, “डोळ्याला पाणी कशाला लावायचं वो बाई? पाचवीला काजळ घातलं की आपोआप निवळतंय.”

“काजळ नाही,” सिस्टर म्हणाल्या. “अजिबात नाही.”

“मग मध?”

“मधही नाही.”

“आईचं दूध?”

“ते पाजा.”

मला हसू आलं. आणि हसता हसता माझा हात वर गेला. सरळ, वर्गात जातो तसा. “मी करते,” मी म्हणाले.

यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. पण मी तेव्हा आठवीत होते आणि आठ वर्षांत वर्गात एकदाही हात वर केला नव्हता. कारण उत्तर येत असलं, तरी बाई फळ्यावर लिहायला बोलवायच्या, आणि अशुद्धलेखन माझ्या पाचवीलाच पुजलेलं. माझं नाव कीर्ती. ते मी सहावीपर्यंत ‘किर्ती’ लिहायची. मराठीच्या बाई म्हणायच्या, “स्वतःच्या नावात चूक करणारी ही महाराष्ट्रातली एकमेव मुलगी.” सगळा वर्ग हसायचा, मीही हसायची, आणि घरी जाऊन वहीतली लाल पानं मोजायची.

पण इथं फळा नव्हता. सिस्टरनी मला नळाकडे नेलं, कोपरापर्यंत साबण लावायला लावला आणि शिकवलं. पाणी चांगलं उकळायचं, झाकून गार करायचं. स्वच्छ कापूस त्यात बुडवून पिळायचा. नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं. पुसलेला बोळा टाकून द्यायचा. पुन्हा पुसायचं तर नवा बोळा, दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा. ओढायचं नाही, खरवडायचं नाही, चिपड भिजू द्यायचं.

“आणि पांढऱ्या भागात लाली दिसली, पापणी सुजली, पू वाढला, तर?” त्यांनी विचारलं.

“तुमच्याकडे आणायचं.”

“कधी?”

“उद्या.”

“उद्या नाही. त्याच वेळी. वाट बघायची नाही.”

त्यांनी माझा हात धरून एका डोळ्यावरून कापूस फिरवला. दुसरा मी एकटीनं पुसला. सिस्टर म्हणाल्या, “हात हलका आहे तुझा.” एवढंच. मी त्या वाक्यावर आठवडाभर जगले. नंतर त्या वहिनीशीही बरंच काही बोलल्या. माझं लक्ष नव्हतं. मी हवेत कापूस फिरवून बघत होते.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. शाळेत जाण्यापूर्वी एकदा, आल्यावर एकदा, शिवाय चिकटेल तेव्हा, असं माझं काम सुरू झालं. बाळंतिणीच्या खोलीत कोनाड्याशी मी एक छोटं पातेलं ठेवलं होतं. पाणी उकळून, ताटली झाकून. त्याला कुणी हात लावायचा नाही, असं मी जाहीर केलं.

“डॉक्टरीणबाई आल्या, सरका,” शेवंताआत्या म्हणायची. “आगं, आत्या झालीस म्हणून मिशा फुटल्या काय तुला?”

“फुटल्या तर तुला काका म्हणायला लावीन.”

आत्या फस्सकन हसायची. भांडायला ती मला आवडायची, कारण ती भांडताना हसत असे. पण तिच्या हाताखालचं घर म्हणजे शिस्त. बाळंतिणीनं काय खायचं, कधी झोपायचं, कानाला काय बांधायचं, सगळं तिच्या मनानं. पाणी तर बाळंतिणीनं प्यायचंच नाही, पोट सुटतं म्हणे. सकाळी एक फुलपात्र, संध्याकाळी एक, तेही ओवा घालून कढवलेलं. वहिनी काही बोलायची नाही. ती तशीही बोलत नसे. तिचे ओठ फुटले होते. मला वाटलं, बाळंतिणीचे फुटत असतील.

“दूध कमी पडतंय हिला,” आत्या म्हणायची. “अंगातच कमी हाय.” वहिनी भिंतीकडे बघायची.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. शाळेतून यावं, तर पातेल्यातलं पाणी निम्म्यावर. मी सकाळी काठोकाठ ठेवलेलं असायचं.

“आई, पाणी कुणी सांडलं?”

“मांजर असंल.”

“मांजर पिऊन वर ताटली झाकून ठेवतं?”

“मला काय विचारतीस, मांजराला विचार,” आई म्हणाली आणि गोठ्यात गेली. मी पुन्हा ताजं पाणी उकळलं. वहिनी पडल्या पडल्या बघत होती. तिनं डोळे मिटून घेतले.

पाचव्या दिवशी पाचवी. मी शाळेतून आले तोवर खोली सारवून घेतलेली. भिंतीशी पाटा मांडून वरवंट्याला हळदकुंकू लावून त्याची सटवाई केली होती. शेजारी कणकेचे दिवे, विळा, नैवेद्याचं ताट.

“तुझ्या वहीतलं कोरं पान दे. आन पेन,” आई म्हणाली.

मी मराठीच्या वहीचं मधलं पान काढून दिलं, लाल समासाचं, आणि कंपासमधलं निळं जेलपेन.

“आज सटवाई येणार,” आत्या बाळाला मांडीवर घेत म्हणाली. “पोरीच्या कपाळावर नशीब लिहून जाणार.”

“कपाळावर लिहिते, तर कागद कशाला?”

“कच्चं लिहायला,” आत्या म्हणाली. “पक्कं कपाळावर.”

मग तिनं कमरेच्या पिशवीतून एक चांदीची डबी काढली. बोराएवढी, झाकणावर मोर. दुपारी तिनं एरंडेलाच्या दिव्यावर पितळी ताटली धरून काजळी जमवली होती, ती तुपात घोटून या डबीत भरलेली. डबी तिनं माझ्या तळहातावर ठेवली.

“ही माझ्या आत्याची. तिनं मला दिली. मी रणजितला घातलं, तुला घातलं. आजपास्नं ही तुझी. घाल पोरीला.”

डबी तिच्या अंगच्या उबेनं गरम होती. खरं सांगते, मला ती हवी होती. आमच्या घरात माझ्या नावानं आलेली ती पहिली वस्तू. मी झाकण उघडलं. आत काळंभोर, चकाकतं काजळ.

मग मी बाळाकडे बघितलं. सकाळी पुसलेला डावा डोळा पुन्हा कोपऱ्यात चिकटायला लागला होता. पण पांढऱ्यात लाली नव्हती, पापणी सुजली नव्हती. तीन दिवस मी रोज तेवढंच बघत होते. त्या चिकट कडेवर तूपकाजळ फिरवायचं, तेही माझ्या बोटानं.

मी झाकण लावलं. “नाही.”

“काय न्हाई?”

“काजळ नाही घालणार.”

“कीर्ती,” आई म्हणाली. “आत्याच्या तोंडाला लागू नको.”

“थांब गं,” शेवंताआत्या म्हणाली. ती अजून हसतच होती. “डोळ्यात नको तर नुसतं कडंला लाव.”

“कडेलाच तर चिकटतंय. आत्या, मला एक सांग. काजळ बाळाच्या आत्यानंच घालायचं ना?”

“व्हय. आईचाबी हक न्हाई.”

“आजीचा?”

“न्हाई म्हटलं की. मान आत्याचा.”

“मग आत्या म्हणतेय, घालायचं नाही.”

आत्याचं हसू गेलं.

“मान घालायचा असतो गं,” ती सावकाश म्हणाली. “न घालायचा नसतो. तुला मी घातलं, तू काय आंधळी झालीस?”

“मला चष्मा आहे.”

“त्यो मोबाईलनं लागला.”

“लागू दे कशानंही. सिस्टरनी नाही म्हणून सांगितलंय, त्यांना मी शब्द दिलाय.”

“चार दिवसांची सिस्टर, आन पिढ्यांची मी,” आत्या म्हणाली. तिनं माझ्या हातातली डबी काढून घेतली. हिसकावली नाही, नुसती उचलली, ते जास्त लागलं. “उद्या सकाळी कडेगावची सुलभा येतीया. चुलत का असंना, आत्याच हाय ती. न्हाऊ घातलं की तिच्या हातनं घालू. सटवाईला आज काय लिहायचं ते लिहू दे.”

मी दादाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, “कीर्ते, आत्या म्हणते तसं कर. एवढ्याशा काजळानं काय होतंय?” मी वहिनीकडे बघितलं. मुलगी तिची होती. ती एक शब्द जरी बोलली असती, तर माझ्या बाजूनं दोघी झाल्या असत्या. ती बोलली नाही. नुसती माझ्याकडे आणि मग कोनाड्याकडे बघत राहिली. मला तिचा भयंकर राग आला.

दिवेलागण झाली. आई आणि आत्या स्वयंपाकघरात ताटं वाढत होत्या. वहिनी कुशीवर वळून बाळाला पाजत होती, पाठ माझ्याकडे. पाट्याशेजारी माझ्या वहीचं पान, त्यावर माझं पेन. उद्या आंघोळीपर्यंतच वेळ होता.

मी जाऊन बसले. सटवाईच्या कागदावर कुणी लिहीत नाही; मी तर तिच्या आधी लिहिणार होते. मनात म्हटलं, तुझा राग माझ्यावर काढ, हिच्यावर नको. आणि लिहिलं:

हिच्या डोळ्यात काहिही घालू नये. फक्त उकळून गार केलेल्या पाण्याने पूसावे.

खाली अर्धं पान कोरं ठेवलं. तिलाही काही लिहायचं असेल.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी बोळे पिळत होते, तेव्हा शेवंताआत्या पाटा उचलायला आली. तिनं आधी कागद उचलला, नेहमीसारखा घडी घालायला, आणि तशीच उभी राहिली. मग भिंतीला धरून खाली बसली.

“वयनी,” तिनं आईला हाक मारली. आवाज तिचा वाटत नव्हता. “चाळीस वर्सं पाचव्या मांडतीया. कागुद कधी भरला न्हाई. वाच गं ह्ये.”

आत्याला अक्षर येत नाही. आईनं कागद घेतला, एक ओळ वाचली, आणि तिची नजर सरळ माझ्या उजव्या बोटावर आली. बोट निळं होतं. आईनं तोंड उघडलं.

“इकडं आणा, आई,” वहिनी म्हणाली. “मी वाचते.”

पाच दिवसांतलं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य असेल. आईनं गोंधळून कागद तिच्या हातात दिला. वहिनी उठून बसली आणि तिनं शाळेत धडा वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. डोळ्यांत काहीही घालू नये. फक्त उकळून गार केलेल्या पाण्यानं पुसावे.

“संपलं?” आत्यानं विचारलं.

“नाही. खाली अजून एक ओळ आहे.”

मी ताठ झाले. कागद वहिनीच्या हातात, पण ती जिथं बघत होती तिथं काही नव्हतं. ते मीच कोरं ठेवलं होतं.

“‘हिच्या आईला तहान लागेल तेवढं पाणी द्यावं,’” वहिनीनं वाचलं. “‘तिला चोरून प्यायला लावू नये.’”

माझ्या हातात पातेलं होतं. आदल्या रात्री मी ते भरून झाकलं होतं. आता निम्मं होतं.

आईनं पदर तोंडाशी नेला. आत्या वहिनीकडे बघत राहिली, तिच्या ओठांकडे. मग माझ्याकडे वळली.

“कीर्ते, हात दाखव.”

दाखवला.

“डोळ्याचं तू लिवलंस.”

“हो.”

“आन पाण्याचं?”

वहिनीनं मान खाली घातली. माझ्याएवढीच घाबरलेली होती ती, आणि तिला तर त्याच घरात राहायचं होतं.

“तेही मीच,” मी म्हणाले.

“मला वाचाया येत न्हाई म्हणून फसवतासा व्हय गं?”

हे मात्र लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आत्याच्या डोळ्यांत मी ते कधी बघितलं नव्हतं. पण मी मान खाली घातली नाही. आयुष्यात खूप वेळा घातली होती.

“फसवलं,” मी म्हणाले. “पण खोटं काही लिहिलं नाही. डोळे पुसायचे राहिलेत. आज तू बस इथं आणि बघ.”

मी हात पुन्हा धुतले. ती बसली. इतक्या दिवसांत तिनं एकदाही जवळून बघितलं नव्हतं. मी ओला बोळा डाव्या पापणीवर थोडा वेळ धरला. चिपड भिजलं. नाकाकडून कानाकडे, एकदा. बोळा टाकला. दुसरा घेतला. आत्या माझ्या हाताकडे बघत होती, टाकलेल्या बोळ्याकडे बघत होती, त्यावरच्या पिवळ्या डागाकडे. तिसऱ्या बोळ्याला मुलीनं तोंड वाकडं केलं, पापणी फडफडवली, आणि डावा डोळा पूर्ण उघडला. मग उजवा. दोन्ही आत्यावर.

आत्या वाकून बघत राहिली.

“रणजितचा डोळा हाय,” ती म्हणाली. मग मला म्हणाली, “सटवाईनं लिहिलेलं पुसता येत न्हाई म्हणतात. तुझं येतं का?”

“नाही येत. जेलपेन आहे.”

“मग हितं काय बसलीस? जा, तांब्या आण.”

आईनं आधीच आणला होता. आत्यानं तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतः वहिनीच्या ओठाला लावला. वहिनी न थांबता पीत राहिली. घटाघटा आवाज येत होता, पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं, आणि तांब्या रिकामा झाल्यावर तिनं तो तसाच पुढं केला. आत्यानं भरून आणला.

दहा वाजता कडेगावची सुलभा आली. बाळाला न्हाऊ घालून झालं होतं. तिनं हात पुसत विचारलं, “काजळ कुठाय?”

“आमच्यात आता आत्या काजळ घालत न्हाई,” शेवंताआत्या म्हणाली. “पुसती.”

सुलभाला काही कळलं नाही. आत्यानं डबी तिच्यापुढं धरली आणि बाळाच्या तळपायाला तीट लावायला सांगितलं. मग डबीचं झाकण लावून ती माझ्या कंपासमध्ये टाकली, पेनाशेजारी.

तीन आठवड्यांनी चिपडं यायची थांबली, तोवर मी रोज पुसत होते, आणि आरोग्य केंद्राच्या आशाताई दोनदा येऊन बघून गेल्या. आता मी दहावीत आहे. ती दोन वर्षांची आहे आणि माझ्या चष्म्याच्या मागे लागलेली असते.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशी दुपारचं. घर झोपलं होतं. मी वहिनीच्या उशीखालून तो कागद काढला.

“मला कसं नाही कळलं, वहिनी?” मी हळूच म्हणाले.

“सिस्टर मला सांगत होत्या, पाणी भरपूर पी म्हणून,” ती म्हणाली. “तू हवेत कापूस फिरवत होतीस.”

मी पेन उघडलं आणि कोऱ्या जागेत तिची ओळ लिहायला लागले, म्हणजे आम्ही दोघीही खोट्या पडायला नकोत. ‘हिच्या आईला तहान लागेल तेवढं’ एवढं लिहून झालं, आणि पुढच्या शब्दावर पेन अडलं. नेहमीसारखंच.

वहिनीनं पाजता पाजता मान वळवून कागदाकडे बघितलं.

“णी दीर्घ,” ती म्हणाली.